दार ओढून घेतल्यावर

श्रीरंग पोतदार खोलीबाहेर पडला की थोड्याच वेळात आत शमक नावाचं यंत्र वाजायचं.

आवाज काही मोठा नव्हता. बॉलपेनचं बटण दाबल्यासारखं एक ‘टक्’ आणि मागोमाग पंपाची बारीक घरघर. पण सांगलीच्या गावभागातलं ते घर इतकं गप्प झालं होतं, की श्रीरंगला तो आवाज स्वयंपाकघरात भाजी चिरताना ऐकू यायचा आणि गच्चीत कपडे वाळत घालतानाही. हातातलं टाकून तो खाली यायचा, तोवर उशीर झालेला असायचा. पलंगावर दादांच्या पापण्या जड होत चाललेल्या असायच्या. औषध रक्तात उतरलेलं असायचं. मग सगळी दुपार श्रीरंग एकटाच.

दादा म्हणजे अरविंद पोतदार, त्याचे थोरले भाऊ. फुफ्फुसातला कर्करोग हाडांत उतरला होता आणि मधेच अर्धांगवायूचा झटका येऊन उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली होती. आता बरं करण्यासारखं काही उरलेलं नाही, घरीच ठेवा आणि त्रास होऊ देऊ नका, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. वहिनी आधीच गेल्या होत्या. मुलगा ईशान रॉटरडॅमला, बंदरावरच्या स्वयंचलित क्रेन बनवणाऱ्या कंपनीत. श्रीरंगने लग्न केलं नव्हतं. शाळेत चित्रकला शिकवून तो नुकता निवृत्त झाला होता. तेव्हा सांभाळणार कोण, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. श्रीरंग वरच्या खोलीतून आपली गादी घेऊन खाली आला.

शमक विम्यातून मिळालं होतं. माणूस बोलता असला की किती दुखतंय ते त्याला विचारता येतं. न बोलणाऱ्याचं काय करायचं, यावर अलीकडच्या काळात निघालेला हा तोडगा. डोक्याला जेलची एक मऊ टोपी. तिच्यातून कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी कवटीतून आत जायच्या आणि मेंदूत खोलवर, वेदना जाणवते त्या जागी रक्ताचा ओघ किती वाढलाय ते टिपायच्या. हजारो बोलत्या रुग्णांना ही टोपी घालून त्यांना विचारलं होतं, आता किती दुखतंय, शून्य ते दहात सांगा. त्यांच्या उत्तरांवरून यंत्र शिकलं होतं. आता ते मुक्या माणसाचाही आकडा सांगू शके. पाचाच्या वर आकडा गेला की कातडीखाली बसवलेल्या सुईतून मॉर्फिनचा एक डोस आपोआप जाई. आकडा पलंगाशेजारच्या पडद्यावर दिसे, डॉक्टरांना दिसे, आणि रॉटरडॅमला ईशानच्या फोनवरही दिसे.

पहिले काही आठवडे श्रीरंगला यंत्राचा मोठा आधार वाटला. दादांची कूस बदलताना आकडा सातावर जायचा, टक् व्हायचं आणि कपाळावरची आठी सैल पडायची. देवासारखं आलं हे यंत्र, असं तो आठवड्यातून दोनदा येणाऱ्या नर्स रोशन मुजावरला म्हणालाही होता. कूस बदलली नाही तरी ते वाजतं, हे त्याच्या ध्यानात आलं ते पुढे. विम्याकडून दर शुक्रवारी दुपारी एक मदतनीस बाई यायच्या. तेवढा वेळ काळजी घेणाऱ्याने बाहेर जावं, विश्रांती घ्यावी, अशी सोय होती. श्रीरंग नेमाने आयर्विन पुलापर्यंत चालून यायचा. आणि दर शुक्रवारी तो परत आला की बाई म्हणायच्या, “आज लई दुखलं बघा त्यांना. तीन वेळा वाजलं.”

त्याने रोशनला हे सांगितलं.

“बघू या की,” ती म्हणाली. तिने पंप तात्पुरता थांबवला आणि स्टूल ओढून दादांजवळ बसली. “सर, तुम्ही चहा टाकून या.”

श्रीरंगने दार ओढून घेतलं. चहाला उकळी फुटेपर्यंत तिने हाक मारली. पडद्यावर दोनाचे सहा झाले होते. तो पलंगाजवळ आला, दादांच्या डाव्या हाताशी टेकला. आकडा पाचावर आला, चारावर आला, औषधाचा थेंबही न देता तिनावर येऊन थांबला.

“अगं बाई,” रोशन म्हणाली.

डॉक्टर हेर्लेकर त्याच संध्याकाळी पडद्यावर आले. त्यांनी दोन महिन्यांचा आलेख मागेपुढे करून पाहिला, शमकनेच टिपलेल्या घरातल्या हालचालींच्या नोंदीशी ताडून पाहिला, आणि चष्मा काढून ठेवला.

“सर, कुत्र्याचं पिल्लू आईपासून लांब ठेवलं की केकाटतं, ऐकलंय ना तुम्ही? कुणी मारलेलं नसतं त्याला. पण ओरडतं मात्र मारल्यासारखंच. भाजलं, कापलं की वाजणारी घंटा प्राण्यांच्या मेंदूत फार जुनी आहे. पुढे पिल्लांना दूध पाजून वाढवणारे प्राणी आले, तेव्हा पिल्लू आईपासून तुटलं तर वाजायला आणखी एक घंटा हवी झाली. निसर्गाने नवी तार ओढली नाही. जुन्याच तारेवर जोडणी केली. हाड दुखलं काय आणि माणूस दुरावलं काय, आत खोलवर बरीचशी तीच जागा जागी होते. आणि मॉर्फिन दोन्हीवर चालतं.”

“म्हणजे यंत्र चुकतंय.”

“चुकत असतं तर बरं होतं. दुखतंय हे ते बरोबर सांगतंय. कशाने, ते त्याला कळत नाही.”

श्रीरंगने न राहवून विचारलं, “पण डॉक्टर, माझ्यासाठी? दादांना?”

त्याला खरंच पटत नव्हतं. वडील गेले तेव्हा श्रीरंग नऊ वर्षांचा होता. दादांनी कॉलेज सोडून मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं आणि त्याला वाढवलं, पण वाढवलं ते समोर उभं करून. जा, अभ्यासाला बस. जा, दुकान झाडून घे. त्याने मोटारींऐवजी रंगपेटी धरली तेव्हाही दादा एवढंच म्हणाले होते, जा, तुला हवं ते कर. एका घरात, एका जिन्याच्या वरखाली दोघांचं आयुष्य गेलं. ‘बस जरा’ असं दादा त्याला कधी म्हटल्याचं आठवत नव्हतं.

त्या रात्री जेवताना त्याने ताट खोलीतच आणलं. दादा त्याच्याकडे बघत होते. नजर नेहमीसारखीच करडी. आकडा मात्र एक होता.

पुढचे काही दिवस श्रीरंगला हलकं हलकं वाटत होतं. तो दादांना वर्तमानपत्र वाचून दाखवू लागला, शाळेतल्या गमती सांगू लागला, पूर्वी कधी धीर झाला नव्हता ते स्वतःची चित्रंही आणून दाखवली. शमक दिवसातून एखादेवेळीच वाजे. दादा तासन् तास जागे राहू लागले.

आणि हळूहळू श्रीरंगला कळलं, की आता त्याला उठता येत नाही.

आंघोळ दोन तांब्यांत उरकायची. भाजी, औषधं, दूध सगळं दारात मागवायचं. गच्चीतले कपडे खोलीतल्या दोरीवर आले. शुक्रवारच्या बाईंना त्याने स्वयंपाकघर आवरायला लावलं आणि स्वतः खोलीतच बसून राहिला. जुने सहकारी शिक्षक संध्याकाळी घाटावर जमत. ते आधी बोलवायला फोन करत, मग नुसताच फोन करत, मग तोही थांबला. बोलणारा तो एकटा आणि ऐकणारे दादा. दिवसाअखेर त्याचा स्वतःचा आवाज त्याला नकोसा व्हायचा. आपण दुसऱ्या कुणाचा आवाज शेवटचा कधी ऐकला, हे आठवायला रोशनच्या येण्याचे दिवस आठवावे लागत.

मग त्याला ताप आला. खोकला असा की दादांजवळ जाणं शक्य नव्हतं. रोशनने त्याला बाहेरच्या खोलीत झोपवलं आणि दार बंद केलं; दादांजवळ तेवढे दिवस शुक्रवारच्या बाई थांबल्या. तो पांघरुणात कुडकुडत पडून होता आणि बंद दारापलीकडून टक् ऐकू येत होतं. पुन्हा टक्. दिवसाला द्यायची जी शेवटची मर्यादा होती ती आली, आणि तो आवाजही थांबला. आकडा वरच राहिला. असं लागोपाठ दोन-तीन दिवस झालं, तसं यंत्राने नियमाप्रमाणे डॉक्टरांना, ईशानला आणि श्रीरंगला सूचना धाडली: वेदना आटोक्यात नाही, रुग्णाला अखंड निद्रेत ठेवण्याची शिफारस. अखंड निद्रा म्हणजे शेवटपर्यंतची झोप. जागं करायचं नाही. त्यासाठी दोन संमती लागत, मुलाची आणि सांभाळणाऱ्याची. ईशानने आपली लगेच दिली होती.

श्रीरंग तापातून उठून बसला त्याच दिवशी ईशानचा फोन आला.

“काका, आलेख बघितलास तू? सगळा लाल आहे.”

“अरे, मला ताप होता. मी त्यांच्याजवळ नव्हतो, म्हणून.” आणि मग श्रीरंगने त्याला सगळं सांगितलं. चहा, दोनाचे सहा, पिल्लू, घंटा.

ईशानला ते काही पटलं नाही. “डॉक्टरांशी मीही बोललो. दुखणं खरंच आहे, असंच म्हणाले ते. कशानेही असो, बाबांना दुखतंय. मी इथे मीटिंगमध्ये बसलेलो असतो, काका, आणि फोनवर आठ दिसतो. मी काय करू?” त्याचा आवाज फाटला. “तू त्यांना जागं का ठेवतोयस? कुणासाठी?”

फोन ठेवल्यावर श्रीरंग संमतीचं पान उघडून बसला. खाली अंगठा टेकवायची जागा होती. टेकवला की सुटका. दादांची, आणि त्याचीही. दार उघडं टाकून चालत सुटावं, पुलावर उभं राहावं, चौकात भडंग घ्यावं, चार माणसांत बसून मोठ्याने हसावं. कुणी बोट दाखवणार नव्हतं. उलट शहाणपणा केलास म्हणाले असते. आणि नेमकं तेच त्याला भिववत होतं. हे आपण दादांसाठी करतोय की आपल्यासाठी, हे सांगणारं यंत्र निघालेलं नव्हतं.

त्याने ईशानला निरोप पाठवला. ‘तू एकदा ये. स्वतः बघ. मग सांगशील तिथे अंगठा देतो.’

ईशान आला तो दुपारचा. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. बॅग दारातच टाकून तो पलंगाजवळ गेला, गुडघ्यावर बसला आणि “बाबा” म्हणाला. दादांचे डोळे भरून आले. डावा हात उचलून त्यांनी त्याच्या केसांवर ठेवला. श्रीरंगने पडद्याकडे पाहिलं. दोन. त्याला बरं वाटलं. दोघांना जरा एकटं राहू द्यावं म्हणून तो स्वयंपाकघरात गेला आणि पोहे भिजवले.

कढईत मोहरी तडतडली आणि त्या आवाजातूनही ते ऐकू आलं. टक्.

“काका!” ईशान ओरडला. “सात झालाय, काका!”

तो धावत आला. दादांच्या हातावर हात ठेवला. सहा. पाच. चार. ईशान आकड्याकडे बघत होता, मग त्याने मान वळवून श्रीरंगकडे पाहिलं, मग पुन्हा आकड्याकडे. फोनवर त्याने या गोष्टीवर विश्वास ठेवला नव्हता. आता त्याच्या चेहऱ्यावर जे उमटत होतं ते श्रीरंगला बघवेना. हजारो मैलांवरून आलेला मुलगा बापाचा हात धरून बसलेला असताना बापाला एकटं वाटत होतं, आणि ते समोर आकड्यात लिहून येत होतं.

“मी इथेच होतो,” ईशान पुटपुटला. “मी तर इथेच बसलो होतो.”

“अरे, त्याचं काही नाही,” श्रीरंग म्हणाला. “हात उचलला ना मघाशी तुझ्यासाठी. खांद्याच्या हाडात कळ जाते त्यांच्या. मग जरा वेळाने आकडा चढतो.”

“आणि तू आल्यावर उतरला तो?”

“औषध लागू पडलं की.”

“मग तू मला फोनवर सांगितलंस ते?”

श्रीरंगने पंच्याच्या टोकाने दादांच्या ओठांची कड पुसली. “मनाचे खेळ रे. दिवसभर एकटा असतो मी. माणूस काहीही समजूत करून घेतो.”

ईशानने श्वास सोडला. खांदे खाली आले. थोड्या वेळाने तो हळू आवाजात म्हणाला, “मग हाडंच दुखतायत त्यांची. मग संमती दे ना, काका.”

आपण काय करून बसलो हे तेव्हा श्रीरंगच्या लक्षात आलं. पोहे करपल्याचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गच्चीतून रोशनला फोन लावून टोपी काढायला सांगितलं.

“टोपी काढली तर शमक उचलून नेतील, सर,” ती म्हणाली. “शुक्रवारच्या बाईपण बंद. विमा आकड्यावर चालतो.”

“जिभेखाली थेंब देता येतील ना?”

“येतील की. मी शिकवते. पण किती दुखतंय ते तोंडाकडे बघूनच ठरवायला लागेल.”

“पूर्वी तसंच करत होते ना लोक?”

“करत होते,” रोशन म्हणाली. “चुकतपण होते.”

ईशानला समजावणं अवघड गेलं. इतक्या लांब बसून ज्या एका गोष्टीने त्याला बापाशी जोडून ठेवलं होतं, तीच काका बंद करू पाहत होता.

“का पण? आकडा का नकोय तुला?”

“तू आल्यापासून आकड्याकडेच बघतोयस म्हणून,” श्रीरंग म्हणाला. “त्यांच्याकडे बघ. थोडे दिवस. चेहऱ्यावर दुखणं दिसलं तर मला सांग, त्याच दिवशी अंगठा देतो. वाद घालणार नाही.”

ईशान खिडकीशी जाऊन उभा राहिला. मग त्याने खिशातला फोन काढून टेबलावर पालथा ठेवला.

टोपी काढली तेव्हा दादांच्या कपाळावर तिचा गोल वळ उठलेला होता. रोशनने तिथे खोबरेल चोळलं. शमक खोक्यात गेलं आणि खोलीत फक्त पंख्याचा आवाज राहिला. त्या दिवसापासून संध्याकाळ झाली की श्रीरंग पायांत चपला सरकवून म्हणायचा, “दादा, मी जरा फिरून येतो. ईशान आहे.” आणि मुद्दाम दार ओढून घ्यायचा.

पूर्वी शुक्रवारी तो हौसेने चालायचा. आता प्रत्येक पाऊल चिखलातून उपसून काढल्यासारखं पडे. नदीच्या घाटावर बसून तो पाण्याकडे बघे, पण अंग सगळं मागे, घराकडे वळलेलं. आत्ता किती असेल? चार? आठ? आता कळायला मार्ग नव्हता. दादांना दुखत असलं तर ते त्याने जाणूनबुजून दिलेलं होतं, आणि ते का दिलं हे तो जगात कुणालाही सांगू शकत नव्हता. मुलाला बाप मिळावा म्हणून, असं तो स्वतःला सांगे. घाटावरच्या जुन्या मित्रांनी एकदा जागा करून दिली, तब्येतीची चौकशी केली. तो बरं आहे म्हणाला आणि लवकर उठला.

एकदा तो लवकर परतला तर दार अर्धवट उघडं होतं. ईशान बापाची नखं कापत होता आणि एकीकडे सांगत होता, की क्रेनच्या पहिल्या मोटारीचं वाइंडिंग त्याने कसं स्वतः तपासलं, तांब्याची तार कशी हाताला ओळखीची वाटली. दादा त्याच्या बोटांकडे टक लावून बघत होते. त्यांच्या ओठांची एक कड ओढलेली होती. ते हसू होतं, कळ होती, की मेलेल्या बाजूचा नुसता ताण होता, श्रीरंगला सांगता येईना. तो आत न जाता पायरीवर बसून राहिला.

ईशानने संमतीचा विषय पुन्हा काढला नाही. थेंब किती द्यायचे यावरून दोघांचे खटके उडत, आणि बहुतेक वेळा ईशानचंच बरोबर निघे.

दादा गेले त्या संध्याकाळी श्रीरंग घाटावरच होता. तो गल्लीत शिरला तेव्हा ईशान दारात उभा होता, अनवाणी.

“आत्ताच, काका. तुला फोन करणार होतो, पण हात सोडवेना.”

श्रीरंगने विचारलं, “त्रास झाला का त्यांना?”

“नाही,” ईशान म्हणाला. “शांत होते. माझ्याकडे बघत होते.”

हे पारखून घ्यायला आता काहीही नव्हतं. फक्त मुलाचा शब्द होता. श्रीरंगने तो घेतला.

“बरं झालं,” तो म्हणाला. “तू होतास.” आणि ईशान ओक्साबोक्शी रडू लागला तेव्हा त्याने त्याला जवळ ओढलं. आत जाऊन दादांना बघायचं अजून राहिलं होतं, तरी तो तसाच उभा राहिला.

दिवसकार्य आटोपून ईशान परत जायला पुण्याच्या बसमध्ये बसला. खिडकीतून त्याने हात बाहेर काढला. “तू असलास की बरं वाटायचं त्यांना,” तो म्हणाला. “हो ना, काका?”

“तू असलास तरी वाटायचं,” श्रीरंग म्हणाला. बस निघाली.

तिथून तो घरी न जाता सरळ घाटावर गेला. मित्र गप्पा मारत होते, त्यांच्यात बसला. चहा झाला, कुणीतरी भडंगाचा पुडा उघडला. अंधार पडू लागला तसे एकेक जण उठले; कुणाला नातवाला शिकवणीहून आणायचं होतं, कुणाची बायको जेवायला थांबली होती. जाता जाता सवयीने त्यांनी त्यालाही विचारलं, “तुम्हाला उशीर होत असेल ना, सर?”

“नाही,” तो म्हणाला.

सगळे गेले तरी तो पायरीवर बसून राहिला. पाणी काळं होत गेलं, पुलावरचे दिवे लागले. त्याला हवं तितका वेळ बसता येत होतं. तो कुठेही असला, कितीही वेळ नसला, तरी त्यामुळे आता कुणालाच दुखणार नव्हतं.